घरी शिकणाऱ्या मुलांसाठी बायबलचा अभ्यासक्रम: आधी योनाचा चौथा अध्याय उघडून बघा

गणिताचं पुस्तक निवडणं त्या मानाने सोपं. बेरीज सगळ्या पंथांची एकच असते. बायबलच्या अभ्यासक्रमाचं तसं नाही. एकाच वयासाठीचे दोन संच शेजारी ठेवा. एकात वर्षभर गोष्टी आणि रंगकाम असतं, दुसऱ्यात प्रश्नोत्तरं आणि पाठांतर, आणि दोन्हींच्या मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेलं असतं 'संपूर्ण बायबल'. नव्याने घरशिक्षण सुरू करणारे आईबाप इथेच गोंधळतात. मग कोणीतरी ओळखीचं 'आमच्याकडे हेच आहे' म्हणतं आणि तेच मागवलं जातं.

पुढे क्रमाने जे लिहिलं आहे त्याच्या मुळाशी माझं एकच मत आहे, ते आधीच सांगून टाकते. अभ्यासक्रमाचं काम मुलाला बायबलच्या पानापाशी आणून बसवण्याचं. जो संच बायबल मिटून ठेवूनही पुरा करता येतो तो कितीही देखणा असो, घेऊ नका.

सुरुवातीला जवळ काय असावं

- रोज वाचायचं एक बायबल, मोठ्या टायपातलं. मूल वाचायला लागलं की त्याची स्वतःची प्रत
- नकाशे. बऱ्याच बायबलांत शेवटी छापलेले असतात, तेवढे पुरतात
- प्रत्येक मुलाला एक कोरी वही आणि भिंतीवर लावायला कालपट्टीसाठी लांब कागद
- तुमच्या मंडळीचा विश्वासांगीकार किंवा प्रश्नोत्तरावली (हिचा उपयोग दुसऱ्या पायरीवर कळेल)
- विचारात असलेल्या प्रत्येक संचाची पूर्ण अनुक्रमणिका आणि निदान दोन नमुना पाठ
- तुम्ही राहता तिथले घरशिक्षणाचे नियम. कुठे वर्षाचा आराखडा मागतात, कुठे कामाच्या नोंदी, कुठे काहीच नाही. धर्मशिक्षण विषय म्हणून मोजलं जातं की नाही तेही त्यातच पाहून घ्या

## १. आधी ठरवा: विषय शिकवायचाय की उपासना करायचीय?

कौटुंबिक उपासना आणि बायबलचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपासनेला सगळं घर बसतं, एखादा उतारा वाचला जातो, गाणं होतं, प्रार्थना होते. तिथे वही नसते, उजळणी नसते. अभ्यासाला क्रम लागतो: आधी काय घडलं, मग काय, हे कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, ते गाव नकाशावर कुठे आहे.

बाजारातले बरेच संच या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतात. रोज एक वचन, त्यावर चार ओळींचं मनन, खाली प्रार्थना. याने उपासना होईल, पण वर्षअखेरीला मुलाला अब्राहाम आधी की मोशे आधी ते सांगता येणार नाही. उलट, कोरडा अभ्यासक्रमच उपासनेच्या जागी बसवला तर मुलांना प्रार्थनेची वेळ म्हणजे आणखी एक तास वाटू लागते.

तेव्हा कागदावर एक वाक्य लिहा: 'या वर्षाच्या शेवटी मुलाला अमुक यावं.' 'देवावर प्रेम करायला शिकावं' हे लिहू नका. ती इच्छा आहे, तिची परीक्षा कोणाला घेता येत नाही. 'मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या शब्दांत सांगता यावं', असं काहीतरी लिहा. पुढचे सगळे निर्णय या वाक्याशी ताडून बघायचे आहेत.

## २. संच कोणत्या पंथाच्या अंगणातून आलाय ते शोधा

'सर्व ख्रिस्ती कुटुंबांसाठी' असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक संच कोणत्या ना कोणत्या परंपरेत बसूनच लिहिलेला असतो. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आपल्याला आधी कळायला हवं.

सगळ्यात ढोबळ फरक पुस्तकांच्या संख्येचा. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं एकाच्या अनुक्रमणिकेत सापडतील, दुसऱ्याच्या नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत याहूनही काही जास्त आहेत. म्हणजे 'संपूर्ण बायबल' या दोन शब्दांचा अर्थसुद्धा घरागणिक बदलतो.

दहा आज्ञा पाहा. आज्ञा त्याच, पण क्रमांक वेगळे. कॅथलिक आणि लूथरन परंपरा 'अन्य देव नकोत' आणि 'मूर्ती करू नको' ही एकच आज्ञा धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. त्यामुळे पाचवी आज्ञा कोणती, याचं उत्तर एका घरात 'आईबापांचा मान राख' आणि दुसऱ्या घरात 'खून करू नको'. स्तोत्रांचंही तसंच: आपण ज्याला २३वं स्तोत्र म्हणतो ते जुन्या लॅटिन क्रमांकाप्रमाणे चालणाऱ्या पुस्तकांत २२वं असतं. मुलाने संडे स्कूलमध्ये 'चुकीचं' उत्तर देऊन हिरमुसून येण्याआधी हे पाहिलेलं बरं.

क्रमांकांचं ठीक, पण शिकवणुकीतले फरक ओळखायला मी चार ठिकाणं उघडते:

- उत्पत्ती १. सृष्टीच्या सहा दिवसांकडे संच कसा पाहतो? काही संच चोवीस तासांचे सहा दिवस धरून त्यावर आपलं विज्ञान आणि इतिहासही बांधतात. तुम्हाला ते मान्य असेल किंवा नसेल, पण बायबलच्या संचातून विज्ञानाचा विषयही घरात येतोय याची खबर असू द्या.
- मत्तय १६. येशू पेत्राला 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' म्हणतो, त्याचा अर्थ संच काय लावतो.
- प्रेषितांची कृत्ये ८ आणि १६. बाप्तिस्मा कोणाला, तान्ह्यांना की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांना, हे इथल्या पाठांत उघड होतं.
- लूक २२. प्रभुभोजनाबद्दल काय लिहिलंय.

या चार पाठांत तुमच्या मंडळीच्या शिकवणुकीशी न जुळणारं काही सापडलं, तर लगेच संच फेकायची गरज नाही. एखाददुसरा पाठ गाळता येतो, किंवा मोठ्या मुलाला 'काही मंडळ्या असं मानतात, आपण असं मानतो' हे सांगून शिकवताही येतो. पण दर तिसऱ्या पानाला पेन घेऊन खाडाखोड करावी लागत असेल तर तो संच दुसऱ्या कोणासाठी लिहिलेला आहे. शंका राहिलीच तर ते चार पाठ घेऊन पाळकांकडे किंवा फादरांकडे जा. आख्खा संच दाखवून 'कसा आहे?' विचारलंत तर 'चांगला आहे' एवढंच उत्तर मिळेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. परूशी (येशूच्या काळातला एक यहूदी धर्मगट) आणि 'यहूदी लोक' यांच्याबद्दल संच कोणत्या सुरात बोलतो ते वाचा. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी, पौल यहूदी. हे जो संच विसरतो तो मुलांच्या मनात एका आख्ख्या समाजाबद्दल अढी पेरतो.

## ३. अभ्यासक्रमाचा प्रकार ओळखा

गोष्टींचा. निवडक कथा, चित्रं, कृती. लहानांसाठी उत्तम. मर्यादा एवढीच की गोष्टी सुट्या सुट्या राहतात. योसेफ मिसरात कसा गेला आणि चारशे वर्षांनी मोशेला तिथून लोकांना का काढावं लागलं, हा दुवा मुलाच्या हाती लागत नाही.

काळाच्या क्रमाने जाणारा. उत्पत्तीपासून सुरू करून प्रेषितांपर्यंत. बहुधा तीन-चार वर्षांचा असतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना मी हाच देईन, कारण बायबलातली पुस्तकं घटनांच्या क्रमाने लावलेलीच नाहीत. यिर्मया आणि २ राजे एकाच काळाबद्दल बोलतात, हे मुलाला आपोआप कळत नाही.

एकेक पुस्तक घेणारा. रूथ पूर्ण, मार्क पूर्ण, फिलिप्पै पूर्ण. सगळ्यात सावकाश, सगळ्यात खोल.

प्रश्नोत्तरांचा. ही पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. मार्टिन लूथरने १५२९ मध्ये घरातल्या मुलामाणसांसाठी छोटी प्रश्नोत्तरावली काढली. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न आहेत आणि ते वर्षाच्या ५२ रविवारांत वाटून दिलेले आहेत. वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न. शिकवणूक नेमक्या शब्दांत डोक्यात बसते. पण नुसतं हेच शिकवलं तर मुलाला उत्तरं पाठ असतात आणि ती ज्या गोष्टींतून आली त्या ठाऊक नसतात. म्हणून जोडीला घ्या, एकट्याने नको.

सद्गुणांचा. या महिन्यात प्रामाणिकपणा, पुढच्या महिन्यात कृतज्ञता. मला हा प्रकार फारसा पटत नाही. बायबलातली माणसं सद्गुणांची उदाहरणं म्हणून नीट उभी राहत नाहीत. याकोब बापाला फसवतो, दाऊद दुसऱ्याची बायको घेतो, पेत्र आयत्या वेळी ओळख नाकारतो. त्यांच्यातून 'या महिन्याचा गुण' काढायचा म्हणजे अर्धी गोष्ट झाकून ठेवावी लागते.

याशिवाय किशोरवयासाठी विश्वासाच्या समर्थनाचे संच असतात. ते उपयोगी आहेत, पण मूळ कथा माहीत नसलेल्या मुलाला ते देणं म्हणजे आधी कळस मग पाया.

## ४. मुलाचं वय बघा, वेष्टनावरचं वय नको

वेष्टनावरचं '८ ते १०' हे बहुधा वाचनाच्या पातळीवरून ठरवलेलं असतं. जे मूल ऐकून समजतं पण वाचताना अडखळतं, त्याला तुम्ही वाचून दाखवलंत तर तो संच लवकरही चालतो.

साधारण असं धरा. सातेक वर्षांपर्यंत फक्त गोष्ट ऐकणं आणि ती परत सांगणं. इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी घरशिक्षणात या 'परत सांगण्या'ला मध्यवर्ती जागा दिली: उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा. याला कार्यपुस्तिका लागत नाही आणि मुलाला काय कळलं ते लख्ख दिसतं. आठ ते अकरा हे वय नकाशे, कालपट्टी, पुस्तकांची नावं आणि पाठांतर यांचं. बाराच्या पुढे संदेष्टे, पत्रं आणि अवघड प्रश्न.

अवघड उताऱ्यांचं संच काय करतो, हे अनुक्रमणिकेत बोट ठेवून बघा. शास्ते १९ (अत्याचार आणि हत्येची भीषण कथा) लहानांच्या संचात नसणारच, नसावंच. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या संचात २ शमुवेल ११ (दाऊद आणि बथशेबाचा प्रसंग) गाळून दाऊदाचं चरित्र पुरं केलं असेल, तर ५१वं, पश्चात्तापाचं स्तोत्र त्या मुलाला कसं उमगणार? आणि उत्पत्ती २२, जिथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो, तो पाठ तर शब्दन् शब्द वाचा. 'देव सांगेल ते निमूट ऐकावं' एवढाच बोध काढून पुढे गेलेला संच असला, तर मुलाचा खरा प्रश्न ('मग देव मला पण...?') तुमच्यावर सोडून दिलाय असं समजा.

दोन-तीन वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर प्रत्येकाला वेगळा संच हा हमखास सापळा. आईचा किंवा बाबांचा सगळा दिवस त्यातच जातो. एकच उतारा सगळ्यांना वाचा, काम वेगळं द्या. रूथचा दुसरा अध्याय वाचला की धाकट्याने शेतात सरवा वेचणाऱ्या रूथचं चित्र काढायचं, मधलीने शेताचा मालक बवाज रूथशी कसा वागतो ते सांगायचं, थोरल्याने लेवीय १९:९-१० काढून शेताच्या कडा न कापण्याचा नियम शोधायचा. एक पाठ, तीन वह्या.

## ५. नमुना पाठाची कसोटी

हीच पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

योनाचा पाठ उघडा. जवळपास प्रत्येक संचात योना असतो. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं. पहिल्यात देव निनवे शहरात जायला सांगतो आणि तो पळतो, दुसऱ्यात माशाच्या पोटात प्रार्थना करतो, तिसऱ्यात निनवे पश्चात्ताप करते. बरेचसे संच इथेच थांबतात: योनाने ऐकलं, सगळं चांगलं झालं, आता मासा रंगवा.

पण चौथा अध्याय आहे. त्यात योना रागावलेला आहे. निनवे वाचली म्हणून रागावलेला. तो देवाला तोंडावर सांगतो, तू दयाळू आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो. मग शहराबाहेर बसतो. देव एक झाड उगवतो, योना सावलीवर खूश. दुसऱ्या दिवशी किडा झाडाला लागतो, पूर्वेचा होरपळवणारा वारा सुटतो, आणि योनाला झाडासाठी मरावंसं वाटतं. शेवटी देव विचारतो: तुला या झाडाची कीव येते, तर ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या निनवेची मला येऊ नये का? पुस्तक प्रश्नावर संपतं. योनाचं उत्तर दिलेलं नाही.

सात वर्षांच्या मुलालाही हे कळतं. खरं तर त्यालाच जास्त कळतं, कारण धाकट्या भावाला माफी मिळाल्याचा राग त्याने कालच अनुभवलेला असतो. जो संच हा अध्याय गाळतो, तो बाकी ठिकाणीही काय गाळत असेल याचा अंदाज येतो.

मग आणखी काही जागा चाळा:

- एदेन बागेतल्या फळाला सफरचंद म्हटलंय का? मजकुरात फळाचं नाव नाही.
- मागी लोक 'तीन'च आहेत का? मत्तय २ मध्ये संख्या दिलेली नाही, भेटवस्तू तीन आहेत. शिवाय ते 'घरात' येतात.
- तारवात सगळे प्राणी दोन-दोनच का? उत्पत्ती ७:२ मध्ये शुद्ध पशू सात-सात घ्यायला सांगितलेत.
- दाऊद आणि गल्याथच्या पाठाचा निष्कर्ष 'तूही शूर हो' एवढाच आहे का? १ शमुवेल १७:४६-४७ मध्ये दाऊद स्वतःच कारण सांगतो: इस्राएलात देव आहे हे साऱ्या पृथ्वीला कळावं, आणि लढाई परमेश्वराची आहे.

एखादं सफरचंद सापडलं म्हणून संच नाकारा असं मी म्हणत नाही. पण चारही जागी ऐकीव गोष्टच छापली असेल, तर लिहिणाऱ्याने मजकूर उघडला नव्हता हे उघड आहे.

नंतर पाठाखालचे प्रश्न वाचा. 'योनाला कोणी गिळलं?' हा एक प्रकार. 'योना का रागावला?' हा दुसरा. 'तुझ्या मते योनाने काय उत्तर द्यायला हवं होतं?' हा तिसरा. पहिल्याच प्रकारचे प्रश्न असतील तर मूल बायबल न उघडता रिकाम्या जागा भरील. तिसऱ्याच प्रकारचे असतील तर मजकुरात काय आहे याची पर्वा न करता वाटेल ते बोलेल. तिन्ही हवेत, आणि दुसऱ्या प्रकारचे जास्त.

चित्रंही बघा. त्यातले लोक पश्चिम आशियातले दिसतात की युरोपातले? लहान मुलांच्या डोक्यात मजकुराआधी चित्र बसतं.

## ६. भाषा आणि भाषांतर

तयार अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीत असतात, ही आपली अडचण आहेच. मूल घरात मराठी बोलत असेल तर पाठाची आखणी, प्रश्न, नकाशे इंग्रजी संचातून घ्या आणि उतारा मात्र मराठी बायबलातून वाचा. परत सांगणंही मराठीतच होऊ द्या. नावांचा घोळ होतो: इंग्रजी पुस्तकातला जेम्स आपल्याकडे याकोब असतो, आयझाया यशया असतो. वहीच्या शेवटच्या पानावर नावांची जोडयादी करून ठेवा, मुलं स्वतःच ती वाढवत नेतात.

पाठांतरासाठी एकच भाषांतर ठरवा आणि वर्षानुवर्षं तेच ठेवा. संडे स्कूलमध्ये जे वापरतात तेच घेतलंत तर मुलाला दोनदा पाठ करावं लागत नाही. वाचताना मात्र दुसरं भाषांतर शेजारी असायला हरकत नाही. मराठीत यासाठी पर्याय आहेत. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं. मोठ्या मुलांना एकच वचन दोन भाषांतरांत लिहून काढायला दिलं, की प्रश्न आपसूक सुचतात.

## ७. आठवड्याचा हिशोब मांडा

प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत. आठवड्याला पाच अध्याय आणि वर्षाला ३६ आठवडे धरले तर नुसतं वाचून व्हायलाच साडेसहा वर्षं लागतात. तेव्हा 'एका वर्षात संपूर्ण बायबल' म्हणणारा मुलांचा संच बरंच काही वगळतोय हे गृहीत धरा. वगळणं गैर नाही, काय वगळलंय ते बघा.

अनेक संच ३६ आठवडे आणि आठवड्याला पाच पाठ अशा बेताने लिहिलेले असतात, म्हणजे १८० पाठ. ताप, पाहुणे, प्रवास, आणि कधी कधी नुसताच कंटाळा, हे त्यांच्या हिशोबात नसतं. चार दिवसांचा बेत करा, १४४ पाठ होतील. मग जास्तीचे ३६ कोणते गाळायचे ते वर्षाच्या सुरुवातीलाच पेन्सिलीने खूण करून ठरवा. फेब्रुवारीत मागे पडलोय म्हणून एका दिवशी तीन पाठ उरकण्यापेक्षा हे बरं.

पालकांच्या तयारीचा वेळ स्वतंत्र मोजा. ज्या पाठाला कात्री, गोंद, कापूस आणि पुठ्ठ्याचं तारू लागतं तो पंधरा मिनिटांचा पाठ नसतो, छापलेलं काहीही असो.

## ८. घेण्याआधी विचारायचे प्रश्न

- कार्यपुस्तिका एकदाच वापरायची आहे का? मग प्रत्येक मुलासाठी आणि पुढे धाकट्यांसाठी पुन्हा घ्यावी लागेल.
- पीडीएफ असेल तर परवाना काय सांगतो? बहुधा एका कुटुंबापुरती छपाई चालते, मैत्रिणीला फाइल पाठवणं चालत नाही.
- वर्गणीवर चालणारा असेल तर वर्गणी थांबल्यावर पाठ दिसतात का?
- पालक-मार्गदर्शिका, नकाशे, ऑडिओ संचातच आहेत की वेगळे?
- वापरलेला संच घेत असाल तर कार्यपुस्तिका आणि मार्गदर्शिका एकाच आवृत्तीच्या आहेत ना? पानं जुळत नसतील तर वर्षभर डोकेदुखी.

## ९. पाठांतराची यादी तपासा

संचातली वचनं बायबलात काढून त्यांच्या मागची-पुढची वचनंही वाचा. यिर्मया २९:११ जवळपास सगळीकडे असतं, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' वगैरे. ते बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. फिलिप्पै ४:१३ खेळाच्या सामन्याआधी म्हणायला शिकवतात. त्याच्या आधीच्या वचनात पौल भरल्या पोटी आणि उपाशीपोटी राहायला शिकल्याचं सांगतोय. सुटं वचन पाठ करणं चूक नाही, पण दहा सुट्या वचनांपेक्षा एक सलग उतारा बरा. २३वं स्तोत्र सहा वचनांचं आहे, प्रभूची प्रार्थना मत्तय ६ मध्ये पाच वचनांत येते, १ करिंथ १३ तेरा वचनांचं आहे. वर्षाला तीन उतारे नीट झाले तरी भरपूर.

गुण देणार असाल तर माहितीला द्या. प्रार्थनेला, 'विश्वासाला', रडून माफी मागण्याला कधीही तारा किंवा बक्षीस लावू नका. मूल लवकरच कोणतं उत्तर दिलं की आई खूश होते ते ओळखतं, आणि मग खरं काय वाटतं ते सांगणं बंद करतं.

## १०. सहा आठवडे चालवून बघा

दोन आठवड्यांत निर्णय घेऊ नका. नवं पुस्तक सगळ्यांनाच आवडतं किंवा सगळ्यांनाच जड जातं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुस्तक मिटून मुलाला विचारा, आतापर्यंत काय झालं? ते घटना क्रमाने सांगत असेल, मध्येच 'पण त्याने असं का केलं?' म्हणत असेल, तर संच चालतोय. फक्त केलेल्या कृती आठवत असतील ('आपण तारू केलं होतं'), तर कृती कमी करा, वाचन वाढवा. काहीच आठवत नसेल तर बदला. उरलेला संच कपाटात राहील, राहू दे. त्यातले नकाशे पुढे कामाला येतात.

नोंदीसाठी तारीख, वाचलेला उतारा आणि मुलाने सांगितलेलं एखादं वाक्य, एवढं पुरे. नियमांप्रमाणे कागद दाखवावे लागले तर याच वह्या दाखवता येतात.

## ११. मनासारखा संच नाहीच मिळाला तर

रूथपासून सुरुवात करा. चार अध्याय, चार आठवडे. सोमवारी अध्याय मोठ्याने वाचा, मुलांनी परत सांगायचा. मंगळवारी नकाशा: बेथलेहेम शोधा, मृत समुद्राच्या पूर्वेला मवाब शोधा, रूथची सासू नामी हिचा रस्ता आखा. बुधवारी तोच अध्याय पुन्हा, आता मुलांनी वाचायचा आणि प्रत्येकाने एक प्रश्न काढायचा. तुम्हाला उत्तर आलं नाही तर तो वहीत लिहून ठेवायचा. गुरुवारी चित्र किंवा पाच ओळी लिहिणं, आणि रूथ १:१६-१७ ची उजळणी. चौथ्या आठवड्यात पुस्तकाच्या शेवटची वंशावळ कालपट्टीवर उतरवा. ती दाऊदापाशी थांबते. मग मत्तयाचा पहिला अध्याय उघडून द्या आणि रूथचं नाव कोणाला आधी सापडतं ते बघा. पाचव्या वचनात आहे. त्यानंतर १ शमुवेल घ्या किंवा मार्क, दोन्हीला हीच चार दिवसांची चौकट चालते. मार्काचे सोळा अध्याय आठवड्याला दोन घेतले तर आठ आठवडे लागतात.